उन्हाची मात्रा

पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून तिथे नवं भिंग बसवलं. शरीरातली साखर चढू लागली, की ते भिंग ओळखणार आणि फोनवर कळवणार.

"अहो, ते उन्हावर चालतं म्हणे," बायको म्हणाली. "रोज सकाळी गच्चीत बसायचं."

जन्मभर खळ आणि दाभणात मान घालून बसलेला माणूस कुरकुरत का होईना, गच्चीत बसू लागला. शेजारी ती. आधी दोघंही मुकाट. मग हळूहळू त्याला ढगांत हत्ती दिसू लागले, तिला गलबतं. डोळे मिटले, की पापण्यांआड केशरी तळं हलायचं आणि त्याच्या काठावरून तिचा आवाज यायचा. चहा निवून जायचा, तरी उठावंसं वाटायचं नाही.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "साखर अगदी आटोक्यात आहे."

"म्हणजे ऊन लागू पडलं," बाइंडर म्हणाला.

"ऊन? त्या भिंगाचा उन्हाशी काही संबंध नाही हो. कुणी सांगितलं तुम्हाला?"

त्याने बायकोकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. कान लालबुंद झाले होते.

"डॉक्टर, पुन्हा एकदा नीट तपासा," तो म्हणाला. "आमचं उन्हावरच चालतं."