गाडीत उरलेले तिघे

"वैद्य उतरना," नाना म्हणाले. "भिक्षू तं मांगेच उतरना. आते गाडीमा तीनच जन ऱ्हायनात."

प्रमिलानं बोट घालून पुस्तक मिटलं. एसटीतून निवृत्त होऊन नानांना बरीच वर्षं झाली होती, पण कंडक्टरकी सुटली नव्हती. खुनाच्या कादंबरीतले संशयित म्हणजे त्यांचे प्रवासी. ज्याच्यावरचा संशय फिटला, तो उतरला. प्रकरण संपलं की ते खाटेच्या लाकडावर एकदा टक् करत. एक घंटी, गाडी थांबली. पुढचं उद्या.

नानांच्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती. धुळ्याला मोतीबिंदू काढून आणला होता, चष्मा यायला अवकाश होता, आणि वाचायला डॉक्टरांनी बंदी केली होती. म्हणून सुट्टी लागल्यावर प्रमिला जळगावहून शिंदखेड्याला वडिलांकडे आली ती कादंबरी घेऊनच. दोन हजार वर्षांपूर्वीचं पैठण. श्रेष्ठी नागदत्त सकाळी अंथरुणात मेलेला सापडतो, नखं निळी पडलेली. राजे-लढायांच्या कादंबऱ्यांत नानांचा जीव रमत नसे. जुन्या काळातही माणसं माणसांना मारत आणि कुणीतरी ते शोधून काढत असे, याचं त्यांना मोठं समाधान वाटायचं.

"तिघं कोण?" तिनं विचारलं.

"नागदत्तना भाऊ, तो यवन व्यापारी, आन नागदत्तनी पोर. पन पोरले मी मोजतच नही. वरीसभर बापनं गू-मूत काढं तिनी. ती मारी का त्याले?"

"म्हणजे बिनतिकिटाची?"

"पासवाली शे ती," नाना म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर पोट हलेपर्यंत हसले. आतून माय ओरडली, "हसू नका हो, टाके तुटतील डोळ्याचे!"

प्रमिला हसली नाही. शेवट तिनं सकाळीच वाचला होता, चोरून.

ती टक् ऐकायची वाट पाहत राहिली. नानांचा हात खाटेवर तसाच पडून होता.

"आज सांगीच टाक ना व प्रमिला. कोनी मारं त्याले?"

असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मागे एकदा जेवताना तिच्या धाकट्या भावानं, लोटननं, खुन्याचं नाव फोडलं, तेव्हा ताटावरून उठले होते ते.

"नाना! नियम तुमचाच ना?"

"मनाच शे. मी मोडस."

तिनं पुस्तकाकडे पाहिलं. नुसतं नाव सांगून कळण्यासारखं ते नव्हतं. सावकाश वाचायला हवं होतं, शेवटची दोन्ही प्रकरणं, मध्ये न थांबता.

"उद्या," ती म्हणाली.

"बरं." नाना जपून कुशीवर वळले.

पहाटे माय चहा घेऊन गेली, तेव्हा ते तसेच कुशीवर होते.

दहाव्याला बुराई नदीच्या काठी पिंड मांडला. बाभळीवर कावळे होते, एकही खाली येईना. ऊन चढलं. गुरुजींनी घड्याळात पाहिलं.

"काही राहिलं असेल त्यांच्या मनात," ते म्हणाले. "बोला कोणीतरी."

लोटन पुढे झाला. "नाना, मायचं मी बघीन. तिला काही कमी पडू देणार नाही." कावळे हलले नाहीत. नानांचा चुलतभाऊ छगन म्हणाला, "रुपचंददादा, नातले शिकाडसूत आम्ही, डॉक्टर करसूत." एक कावळा उडाला आणि शेजारच्या फांदीवर जाऊन बसला.

बायका मागे, बाभळीच्या सावलीत बसल्या होत्या. नानांची बहीण भिकुबाई डोळे पुसत पुटपुटली, "जिंदगीभर गाडीले उशीर व्हऊ दिधा नही, आन आज आडी बठना. आसा काय राग शे व याले?"

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

लोटननं आणखी दोन-तीन वचनं दिली. वावर वाटणार नाही. नानांच्या खोलीत भाडेकरू ठेवणार नाही. मग त्यालाही सुचेना. तो मागे वळून सगळ्यांकडे पाहायला लागला, परीक्षेत अडकलेल्या मुलासारखा. गुरुजींनी पिशवीतून दर्भ काढला आणि त्याचा कावळा वळायला घेतला. खरा येत नसेल तर तो पिंडाला लावायचा आणि कार्य उरकायचं.

प्रमिला उठली.

"कोठे चालनी व?" भिकुबाईनं तिचा पदर धरला. तिनं तो हळूच सोडवून घेतला.

"अक्का, थांब," लोटन म्हणाला. "झालंच आता."

"गुरुजी, एक मिनिट."

गुरुजींचे हात थांबले. ती पिंडासमोर जाऊन उभी राहिली. शाळेत शंभर मुलांच्या वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज तिनं लावला. पार पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बाईनं मान वर केली.

"नाना, पोरीनं विष दिलं."

छगननं लोटनकडे पाहिलं. लोटनचा चेहरा उतरला. "अक्का, काय बोलतेस हे? लोक आहेत."

तिनं मागे पाहिलं नाही. वर बाभळीकडेही पाहिलं नाही.

"नागदत्तला सोसवत नव्हतं. सोडव मला, असं तो रोज तिच्याकडे मागायचा, आणि ती रोज उद्या म्हणायची. मग एका दिवशी, नाना, तिनं उद्या म्हटलं नाही."