झेलणारा

"आज जाळ्या तू घे," आदेश म्हणाला. "मी दगड्या घेतो."

जिनेश खुर्ची पुढं ओढता ओढता थांबला. तीन वर्षांत ही अदलाबदल एकदाही झाली नव्हती.

साल २००४. नारायणगावात बहिरूभाऊंचा सायबर कॅफे होता. चार कॉम्प्युटर, मधे प्लायवूडच्या फळ्या, आणि चपला बाहेर काढायची सक्ती. इंटरनेट आलं तर आलं, पण पुण्याहून आणलेला राक्षसांच्या झुंजीचा खेळ मात्र कायम चालायचा. दोघांविरुद्ध दोघं, प्रत्येकाचा एक प्राणी. त्यांची इंग्रजी नावं कुणाच्या जिभेवर बसेनात, म्हणून पोरांनी बारसं उरकून टाकलं. आग ओकणारा तो जाळ्या. पाठीवर दगडी कवच असलेला तो दगड्या. जाळ्यानं मारायचं आणि दगड्यानं साथीदारावरचे वार अंगावर घ्यायचे.

आदेश बोरी बुद्रुकचा. वडिलांच्या टोमॅटोच्या पिकअपमधून तो उतरायचा तोच मारायच्या तयारीनं, त्यामुळं जाळ्या त्याचा. जिनेश वडिलांच्या, भंवरलालशेठच्या कापडदुकानात वाढलेला. गिऱ्हाईक कितीही वाकडं बोललं तरी ठाण उलगडत राहायची सवय. त्यानं आपणहून दगड्या घेतला. सामना जिंकला की पोरं आदेशला खांद्यावर घेऊन मिरवायची, आणि जिनेश दोघांच्या चपला हातात घेऊन मागून यायचा. त्यात आदेशला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. आता वाटत होतं, आणि त्याची त्याला मनापासून लाज वाटत होती.

कारण साडेपाचच्या गाडीनं जिनेश सुरतेला निघाला होता. मामाच्या दुकानात, कायमचा. उद्यापासून चौमासा लागत होता, आणि त्यांच्या घरात चौमाशाचे चार महिने नवं काम धरत नसत. आजची गाडी हुकली तर चौमासा संपेपर्यंत मामा दुसरा माणूस बघणार होते, तसं त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. जिनेशनं नवा शर्ट घातला होता. सुरतेला मामा स्वतःचा कॉम्प्युटर देणार आहेत, हे त्यानं सकाळपासून दहा जणांना ऐकवलं होतं.

"एक सामना," भंवरलाल दारातून म्हणाले. त्यांच्या हातात जिनेशची बॅग होती. "आजीनं बजावलंय, निघताना हातातलं अर्धवट टाकून यायचं नाही. संपला की लगेच ये. मी फाट्यावर थांबतो."

"हो, बापूजी."

समोर मंचरच्या प्राची आणि अश्विनी बसल्या होत्या. कॉलेजातल्या मैत्रिणी, आणि आजवर या जोडीला पाणी पाजणारी एकमेव जोडी.

"आज तुला खांद्यावर घ्यायचंय, राव," आदेश फळीवरून वाकून म्हणाला. "जाताना तुझ्या नावावर एक तरी मार पायजे. तीन वर्सं लई सोसलंस माझ्यापायी."

जिनेशनं माउस पुढं ओढला. मग म्हणाला, "बरं."

पाच वाजता सामना सुरू झाला. कुणी कुठला प्राणी घेतला ते खेळ सुरू झाल्यावरच दिसायचं, आणि नंतर बदलता यायचं नाही. पडद्यावर यांच्या बाजूला दोन दगड्या उभे राहिले.

"अरे, जाळ्या घे म्हटलं व्हतं ना!"

"सवयीनं बोट गेलं रे," जिनेश ओशाळून म्हणाला.

दोन दगड्यांना कुणाला पाडता येईना, आणि दोन दगड्यांना पाडायचं मुलींना जमेना. दहा मिनिटं संपली. बरोबरी झाली की पुन्हा पहिल्यापासून, हा बहिरूभाऊंचा नियम होता.

"किती वाजले?" जिनेशनं विचारलं.

"पाच दहा. घाई कर, आणि नीट बघून घे."

दुसऱ्या वेळीही दोन दगड्या. प्राची हसायला लागली. "दोघंबी मार खायलाच आलाय व्हय?"

जिनेश मान खाली घालून बसला होता. आदेशनं कपाळाला हात लावला. ज्याला आपण तीन वर्षं मारूच दिलं नाही, त्याच्या हाताला मारायचं सुचणार कसं?

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "हरू आपण. तू पळ, गाडी येईल."

"अर्धवट न्हाई टाकायचं." जिनेशनं माउस घट्ट धरला. "आजीनं बजावलंय."

तिसऱ्या सामन्यात आदेश त्याच्यावर ओरडला, मग गयावया केली. जिनेशचा दगड्या वार झेलत राहिला. किती वाजले, हे त्यानं आणखी दोनदा विचारलं. शेवटचं मिनिट चालू असताना हमरस्त्यावरून लांबलचक हॉर्न ऐकू आला, मग इंजिनाची घरघर, आणि ती हळूहळू नाशिकच्या दिशेनं विरत गेली.

भंवरलाल बॅग घेऊन परत आले. "गेली," एवढंच म्हणून ते बाकावर बसले. "मामांना काय सांगू आता?"

"चुकलं, बापूजी."

आदेशला मान वर करवेना. आपल्या हट्टापायी मित्राची सोन्यासारखी जागा गेली होती. रडू येत होतं, पण समोर मुली होत्या.

"पुन्हा लावू का?" बहिरूभाऊंनी विचारलं. आणि उत्तराची वाट न बघता लावलाही.

या वेळी पडद्यावर जिनेशचा जाळ्या होता. दुसऱ्या चालीला प्राचीचा प्राणी कोसळला, चौथ्या चालीला अश्विनीचा. जिनेशची बोटं कुठंही अडखळली नाहीत. त्यानं माउस बाजूला सारला आणि बापूजींना ऐकू जाणार नाही अशा बेतानं फळीवरून वाकून विचारलं, "उद्या कितीला येतोस?"