दीड वीत

इमारत: गावातलं चर्च. भिंती काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या. छप्पर कौलारू. मनोरा तीस वर्षांनी मागाहून चढवलेला, म्हणून त्याचा दगड वेगळा.

"मागाहून लिहू नका," म्हातारा गवंडी म्हणाला. "मनोरा उसना आणल्यासारखा वाटतो."

इंजिनिअरबाईंनी दुरुस्तीच्या फॉर्मवरून मान वर केली नाही. "मग काय लिहू?"

"लिहा, खाणीतला दगड संपला होता."

सारं गाव या म्हाताऱ्याला ओळंबा म्हणतं. दोरीला बांधलेला शिशाचा गोळा कायम त्याच्या खिशात. कुणाचं दार दिसो, कुणाची भिंत, तो दोरी सोडून बघणार. भिंत केसभर जरी कललेली निघाली, तरी त्या दिवशी मालकाला घास गोड लागू देत नाही.

खिडक्या: दक्षिणेच्या भिंतीत पाच. चार नकाशाप्रमाणे.

"तिसरी दीड वीत सरकलीय," तो आपणहूनच म्हणाला. घरातली गोष्ट परक्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आपणच सांगून मोकळं व्हावं, तसा.

ती खिडकी त्याच्या बापाने बसवलेली. गावाने वर्षानुवर्षं त्यावर तोंडसुख घेतलं. त्या दिवशी गवंड्याला दोन-दोन खिडक्या दिसत होत्या, बिचाऱ्याने मधोमध बसवली, असं म्हणायचे. बाप नुसता हसायचा. "बसली तिथं बसली." झालं, एवढंच. पोराला मात्र ते लागलं, आणि पोराचा ओळंबा झाला. तीन फादर आले नि गेले, तिघांना त्याने अर्ज दिला: खिडकी रेषेत घ्यावी. चौथ्याने ऐकलं. आता दुरुस्ती निघाली होती. भिंतीवर खडूची रेघ पडली होती, उद्या छिन्नी लागणार होती. डोळे मिटण्याआधी बापाच्या नावावरचा तेवढा डाग निघाला, की त्याचं काही मागणं उरणार नव्हतं.

अंतर:

"काका, टेपचं टोक धरा. समोर, त्या चौथ्या बाकाशी."

तो घुटमळला. "ती बायकांची बाजू."

"आत्ता कोण बसलंय तिथं? बाई म्हणाल तर मी एकटी, ती इकडे उभी."

उभ्या आयुष्यात तो त्या बाजूला गेला नव्हता. बाक घराघरांचे ठरलेले. पुढचे कुणाचे, मागचे कुणाचे, यावरून पूर्वी भांडणंही झालेली. अदलाबदल कधी झाली नाही. गवंड्याच्या घरातल्या बायकांना चौथा, खांबाआडचा. त्यातली भिंतीकडची जागा आईची. तिथं टेप धरायला वाकावं लागत होतं, म्हणून तो आईच्या जागेवर बसला.

रविवारी सकाळी मिस्साची प्रार्थना व्हायची, तीच ही वेळ होती. तिसऱ्या खिडकीतून ऊन आत आलं होतं. खांबाला चाटून पुढे आलं होतं आणि बरोबर त्याच्या मांडीवर पडलं होतं. प्रार्थनेच्या पुस्तकाएवढं. बाकीचा बाक काळोखात.

आई घरी कधी पुस्तक उघडायची नाही. म्हणायची, घरी अक्षरं पळतात, चर्चमध्ये गप उभी राहतात. लहानपणी त्याला ही देवाची करणी वाटायची. आणि आई असं म्हणाली, की बाप मान खाली घालून थापी घासत बसायचा. चांगली स्वच्छ असलेली थापी.

"काका, टेप ताणा जरा."

"बाई, खिडकी त्या रेघेवर असती, तर हे ऊन कुठं पडलं असतं?"

तिने रेघेकडे पाहिलं. खांबाकडे पाहिलं. "खांबावर."

तो बाकाला धरून उठला, भिंतीपाशी गेला, आणि सदऱ्याच्या बाहीने खडूची रेघ पुसू लागला.

"अहो, काका. अर्ज तुमचाच आहे ना? मी आता इथं काय भरू? तीन रकाने आहेत, एकही कोरा चालत नाही."

"सांगतो," तो म्हणाला. "घ्या लिहून."

दोष: तिसरी खिडकी दीड वीत बाजूला.

कारण: गवंड्याच्या बायकोला कमी दिसायचं.

उपाय: तेव्हाच केलेला आहे.