रत्नाचं स्वयंपाकघर

मागच्या दाराची कडी वाजली तेव्हा रत्ना भाजलेल्या वांग्यांची सालं काढत होती. प्रेमराजने दार उघडलं. बाहेर नवल उभा होता, मागे आणखी तिघं. सगळ्यांच्या अंगात समोरच्या कंपनीच्या हॉटेलचे लाल टी-शर्ट.

"अक्का, समाधान तापानं पडला असं कळलं," नवल म्हणाला. "धुळ्याचे पाहुणे येताहेत ना? काय करू ते सांगा."

प्रेमराजच्या जिवात जीव आला. साखरपुड्याची मंडळी संध्याकाळी जेवायला येणार होती आणि समाधान हा बायकोच्या हाताखाली उरलेला शेवटचा स्वयंपाकी. त्याचा निरोप दुपारीच आला होता.

जळगावबाहेर पहूरच्या रस्त्याला नव्या कॉलन्या उठल्या, तेव्हा रत्नाने तिथे 'खापर' उघडलं. खानदेशातलं घरचं जेवण तिने तिथे निगुतीने, मानाने वाढलं. भरिताची वांगी कपाशीच्या काड्यांवरच भाजायची. मांडे पाहुणा पाटावर बसला की मगच चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर टाकायचे. लोक नावाजत. मग रस्त्यापलीकडे कंपनीचं हॉटेल आलं. तिथे मुलांना घसरगुंडी, मोबाइलवर सवलत, आणि नाशकात जी चव तीच इथे. आठवडाभर राबलेल्या माणसाला रविवारी वाट बघत बसायचं नसतं. गिऱ्हाईक तिकडे वळलं.

मागोमाग माणसंही गेली. ग्रेव्ही पिशव्यांतून आली तरी तवा आणि तंदूर सांभाळायला हात लागतातच. नवल पहिला. त्याला पीएफ हवा होता, आठवड्याची सुट्टी हवी होती. रत्नाला दोन्ही झेपत नव्हतं. तिनेच त्याला जा म्हटलं. मग नवा माणूस धरला, कांदा चिरण्यापासून शिकवला. तो तयार झाला आणि रस्ता ओलांडून गेला. त्याच्या मागचाही तसाच.

"तू घडवायचं आणि त्यांनी न्यायचं," प्रेमराज चिडून म्हणायचा. "निदान सगळं तरी शिकवू नकोस." रत्ना पुढच्याला तितक्याच जीव लावून शिकवायची. मांड्याची कणीक कुठवर ताणते, ते त्याचा हात हातात धरून दाखवायची.

आता तीच माणसं दारात उभी होती. रत्नाने हात पुसले.

"तठे चुलीवर कोण शे?"

"मॅनेजर बघून घेतील," नवल खाली बघत म्हणाला.

"आज रविवार. तिकडे लोक येऊन बसले असतील. बसलेलं गिऱ्हाईक सोडून आलात?"

नवलने मागच्या तिघांकडे पाहिलं.

"परत जा."

"अगं, आपणहून आलेत ती!" प्रेमराजचा आवाज चढला.

"उद्या यांची नोकरी गेली तर मी देणार आहे का?" ती हळूच म्हणाली. मग नवलच्या खांद्यावर हात ठेवला. "जाय भाऊ. मी करते."

चौघं रस्ता ओलांडून परत गेली. प्रेमराजने दार लावलं आणि बाह्या सरसावल्या. डाळमिलच्या हिशेबात जन्म घालवलेला माणूस त्या संध्याकाळी पाणी भरत होता, ताटं मांडत होता. पाहुणे आले. भरीत वाढलं गेलं. मांडे एकेक करून येऊ लागले आणि दोन मांड्यांच्या मधली वेळ लांबत चालली. लेकरं कुरकुरू लागली. शेवटी नवरीचे मामा तोताराम उठून उभे राहिले.

"मी तेव्हाच म्हणत होतो, समोर जाऊ! तिथं सांगायचा अवकाश, ताट पुढ्यात. इथं काय उपाशी बसवायला बोलावलं?" त्यांनी प्रेमराजकडे पाहिलं. "तुमचे आचारी त्यांनी पळवले म्हणे. मग कशाला ओढताय हा गाडा?"

प्रेमराजला मान वर करवेना. याच प्रश्नावर तो कितीदा रत्नाशी भांडला होता.

रत्ना बाहेर आली. कोपरापर्यंत कणीक. कपाळावरचा घाम तिने दंडाने टिपला. आता ती रडेल, नाहीतर तडकून बोलेल, असं प्रेमराजला वाटलं.

"मामा, मांडा एका वेळी एकच होतो आणि आज मी एकटी आहे," ती म्हणाली. "थांबाल तर मन भरेपर्यंत वाढीन. लेकरांना भूक धरवत नसेल तर खुशाल समोर घेऊन जा."

तिने रस्त्यापलीकडच्या दिव्यांकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद प्रेमराजने खूप दिवसांत पाहिला नव्हता.

"काळजी करू नका. तिथं चुलीवर बठ्ठी, अगदी सगळी माझीच पोरं आहेत."