उरलेला मंत्र

"मुक्ता, माझ्या जखमा भर," चिवडा चघळत सारंग म्हणाला. टेबलावर कागदाचा ड्रॅगन उभा होता आणि त्याच्यासमोर सारंगचा योद्धा मरायला टेकला होता, नेहमीसारखा कुणाचं न ऐकता एकटाच पुढे घुसल्यामुळे.

मुक्ताने वीस बाजूंचा फासा मुठीत घट्ट धरला. काही महिन्यांपूर्वी हा पात्रांचा खेळ सुरू झाला तेव्हा तिने जादूगारीण निवडून हौसेने आगीचा मंत्र घेतला होता. तो एकदाही टाकता आला नव्हता. दर रविवारी तिची पाळी आली की कुणीतरी विव्हळायचं आणि तिची सगळी शक्ती मलमपट्टीतच जायची. राक्षस लोळवल्याच्या फुशारक्या मात्र आठवडाभर सारंगच मारायचा.

"शक्ती एकाच मंत्रापुरती उरलीय तुझी," खेळ चालवणारा ओजस म्हणाला. "जखमाच भरतेयस ना?"

"आग," म्हणत मुक्ताने फासा टाकला.

वीस पडले, सगळ्यात मोठं दान. ड्रॅगन पेटला आणि कोसळला, तो थेट योद्ध्यावर.

"अगं, मी मेलो ना," सारंगचा घास हातातच राहिला.

"पुढच्या रविवारी नवीन पात्र घे," चिवड्याची वाटी स्वतःकडे ओढत मुक्ता म्हणाली. "वैद्य घे. आपल्याकडे वैद्य नाहीये."