वर्षाचा करार

रत्नागिरीच्या शाळेतले दामोदर मास्तर भाड्याच्या घरात राहायचे. कराराचा शेवटचा महिना लागला, की त्यांची झोप उडायची आणि ते राजिवड्याला घरमालक हसनमियांकडे जायचे. हसनमियांचे तिन्ही मुलगे आफ्रिकेत, घरात ते एकटेच. ते मास्तरांना शहाळं फोडून द्यायचे, दुपारभर बसवून घ्यायचे आणि शेवटी मुदत वाढवायचे ती वर्षाचीच.

तेहतीस साली मास्तर काकुळतीला आले. "हसनमियां, सहा वर्षं झाली. घर सुटणार या धास्तीनं बायको झुरत्येय. एकदाच दहा वर्षांचा करार करून द्या ना!"

हसनमियांनी टाक खाली ठेवला. रिकाम्या अंगणाकडे बघत ते म्हणाले,



"कधीच दिला असता, मास्तर. पण मग दर वर्षी माझ्याकडे येणार कोण?"