सदतीस नंबर

"मावशी, नंबरानंच आत सोडणार. बसा तिकडं बाकावर," सुलक्षणा म्हणाली आणि तिनं सासूच्या हातात सदतीस नंबरचा केसपेपर ठेवला. घरी ती झुंबरबाईंना आत्या म्हणायची.

झुंबरबाई खुटबावच्या घरून सिक्स-सीटर रिक्षानं एकट्याच आल्या होत्या. छातीत जरा जळजळतंय, एवढंच त्या बोलल्या. सुनेच्या तोंडाकडं क्षणभर बघत राहिल्या, मग पदर सावरून बाकाच्या टोकाला जाऊन टेकल्या. तेव्हा सव्वानऊ वाजले होते.

सरकारी दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला बघून कुणी थांबायचं आणि कुणी नाही, हे ठरवणं नर्स म्हणून सुलक्षणाचं काम. अकरा वर्षांत तिची नजर फारशी चुकली नव्हती. पण मागच्या महिन्यात धाप लागलेल्या चुलतभावाला तिनं आधी आत पाठवलं, आणि सोसायटीचे माजी चेअरमन हौसराव सगळ्यांदेखत कडाडले, "ह्यो सरकारी दवाखाना हाय का बाईंच्या पाव्हण्यांचा?" लेखी तक्रार झाली. भावाची धाप कुणाच्या लक्षात राहिली नाही. तो बाईंचा पाहुणा होता, हे मात्र सगळ्या तालुक्याला पाठ झालं.

आज तेच हौसराव गुडघा चोळत पहिल्या बाकावर बसले होते. म्हणून 'मावशी'. म्हणून 'नंबरानंच' हेही जरा मोठ्यानं. ही बाई आपली कोण, हे इथं कुणाला ठाऊक नाही, म्हणजे बोट ठेवायला जागाच नाही. सुलक्षणाला आपल्या हुशारीचं थोडं कौतुकसुद्धा वाटलं.

दहाच्या सुमारास तिनं मान वर केली. जानेवारीची थंडी. माणसं कानटोप्या घालून बसलेली, आणि झुंबरबाईंच्या कपाळावर घामाचे थेंब. एक हात जबड्याशी. परकी बाई अशी दिसली असती, तर सुलक्षणानं सगळे नंबर बाजूला ठेवून आधी तिचा ईसीजी काढला असता. हे तिला नंतर नाही, तेव्हाच कळलं. तिनं घड्याळाकडं बघितलं. हौसरावांकडं बघितलं. आणि बावीस नंबर पुकारला.

साडेदहाला झुंबरबाई बाकावरून घसरल्या.

मग धावाधाव झाली. डॉक्टर विश्वजीतनी ईसीजीची पट्टी उजेडात धरली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "बदल आहेत, पण नक्की सांगता येत नाही. कधी आल्या या?"

दारात गर्दी होती. सगळ्यांच्या पुढं हौसराव.

"आत्ताच," सुलक्षणा म्हणाली. तोंडातून निघून गेलं.

स्ट्रेचरवरून झुंबरबाईंचा आवाज आला, "व्हय सायेब. आत्ताच आले. दुखाया लागलं आन् लगीच आले."

सुलक्षणाला मान वर करवेना. शेजारीण साखर मागायला आली तर डब्यात असताना नाही म्हणणं या बाईला कधी जमलं नव्हतं. आज ती सुनेसाठी खोटं बोलत होती, तेही आडवं पडून, धापा टाकत.

"दुखणं इतकं ताजं असेल तर रक्ताच्या तपासणीत एवढ्यात काही दिसायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "अर्ध्या तासानं पुन्हा ईसीजी काढू. मग ठरवू."

अर्धा तास. सव्वा तास तिनं आधीच घालवला होता. आता हा अर्धाही तिच्याच नावावर चढणार होता. नोकरी जाईल, तक्रार होईल, आणखी काय काय होईल ते सगळं तिच्या डोळ्यांपुढं आलं, आणि त्या सगळ्याच्या मधोमध झुंबरबाईंचे घामेजलेले पाय दिसले.

"डॉक्टर, मी खोटं बोलले." ती पुढं झाली. "सव्वानऊला आल्यात. मीच बसवून ठेवलं. दहाला घाम दिसला, तरी उठवलं नाही. या माझ्या सासूबाई आहेत."

डॉक्टर झुंबरबाईंवर वाकले. "आजी, आता खरं सांगा. कधीपासून दुखतंय?"

"सकाळी हिचा डबा करत व्हते, तवाच धरलं व्हतं."

म्हणजे चार तास, रक्तात दिसायला पुरेसे. आता कुणी थांबलं नाही. रक्त तपासलं, गोळ्या दिल्या, सलाईन लागलं, पुण्याला फोन झाला, अ‍ॅम्ब्युलन्स दाराशी आली.

स्ट्रेचरला वाट देताना हौसराव म्हणाले, "अवो बाई, आम्ही काय राक्षस हाय का? इतक्या आजारी माणसाला आधी घेतलं तर कोण न्हाई म्हनंल?"

मागच्या महिन्यात हेच तोंड काय बोललं होतं, ते सुलक्षणा ऐकवू शकली असती. पण तिला रागच आला नाही. हौसराव नुसते बोलले होते. म्हातारीला बाकावर बसवलं ते तिनं.

डॉक्टरांनी तिलाच अ‍ॅम्ब्युलन्समध्ये सोबत पाठवलं. गाडी हायवेला लागली. झुंबरबाईंचा श्वास जरा जाग्यावर आला, चेहऱ्यावर थोडा रंग आला. सुलक्षणानं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. लाज गिळता येत नव्हती आणि विचारल्याशिवाय राहवत नव्हतं.

"आत्या, एवढं दुखत होतं, मी चार पावलांवर उभी होते. एक हाक का नाही मारली?"

झुंबरबाईंनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क जरासा बाजूला केला.

"मारनार व्हते गं. पण तू वळख दाखवली न्हाईस. मग म्या कशी दाखवायची?"